मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणारे ऑनलाइन थेरपिस्ट कसे शोधावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू कमी करायची आहे, पण संध्याकाळ झाली की हात ग्लासकडे जातोच. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या कपाटात तशाच पडून आहेत. सिगारेट सोडायचं ठरतं आणि आठवड्याभरात पुन्हा सुरू होते. असं अडकायला झालं की कुणीतरी सुचवतं, ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणारं कुणी बघा, ऑनलाइन मिळतात.’ शोधायला बसलं की ढीगभर प्रोफाइल समोर येतात आणि सगळ्यांवर तेच शब्द असतात. अशा शोधात असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे विचारतात, ते इथे एकत्र घेतलं आहे.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे नेमकं काय?

बदलावंसं वाटतंय आणि बदलवतही नाहीये, अशा दुहेरी मनःस्थितीत असलेल्या माणसाशी बोलण्याची ही एक पद्धत आहे. थोडक्यात तिला एमआय म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या समस्येवरच्या एका लेखात ती पहिल्यांदा मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे.

त्या काळी व्यसनाच्या उपचारात माणसाला धारेवर धरणं, ‘तुम्ही सत्य नाकारताय’ असं तोंडावर सुनावणं सर्रास चालायचं. १९९३ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेरपिस्ट जितका जास्त वाद घालेल, तितकं समोरच्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त असतं, असं त्यात आढळलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अडकलेल्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू आधीपासूनच असतात. सोडण्याची कारणं त्याला ठाऊक असतात आणि न सोडण्याचीही. समोरच्याने एक बाजू लावून धरली की हा आपोआप दुसरी बाजू मांडू लागतो, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे पुन्हा पुन्हा ऐकतो ते त्याला पटत जातं. म्हणून एमआयमध्ये बदलाची कारणं थेरपिस्ट देत नाही. ती तुमच्याच बोलण्यातून पुढे यावीत, असा संवाद ठेवतो. प्रेरणादायी भाषणं किंवा ‘तुम्ही करू शकता’ छापाचं कोचिंग म्हणजे एमआय नव्हे.

सेशनमध्ये प्रत्यक्षात काय घडतं?

समजा, एक गृहस्थ म्हणतात, “बायको मागे लागली म्हणून आलोय. माझं पिणं काही एवढं नाही. हां, सकाळी मुलाला शाळेत सोडताना कधी कधी डोकं जड असतं. पण ते कुणाचं नसतं?”

इथे सल्ला देण्याचा मोह कुणालाही होईल. “अहो, पण गाडीत मूल असतं, त्याच्या जिवाचा विचार केलात का?” उत्तर ठरलेलं आहे : “मी गाडी व्यवस्थित चालवतो. आजवर एकदाही काही झालेलं नाही.” संवाद तिथेच संपतो.

एमआयमध्ये मुरलेला थेरपिस्ट बहुधा असं काही म्हणेल : “यायचं की नाही हे तुम्हाला ठरवू दिलं नाही, ते तुम्हाला रुचलेलं नाही. आणि तरी मुलाला सोडतानाची सकाळ तुम्ही स्वतःहून सांगितलीत.” मग थांबेल. जरा वेळाने ते गृहस्थ म्हणतील, “हो... तो मागच्या सीटवर असतो ना. परवा विचारत होता, बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?”

थेरपिस्टने एकही प्रश्न विचारलेला नाही. ऐकलेलं परत मांडलं, तेही पोपटपंचीसारखं नव्हे, तर न बोललेला पुढचा अर्थ ओळखून. याला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात आणि एमआयमधलं सर्वांत अवघड कसब हेच. त्याच्या जोडीला मोकळे प्रश्न, माणसाच्या खऱ्या जमेच्या बाजूंची दखल आणि अधूनमधून सारांश असतो.

‘शून्य ते दहा’ची मोजपट्टीही बरेच जण वापरतात. “हा बदल तुमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे?” तुम्ही चार म्हणालात, तर कसलेला थेरपिस्ट “फक्त चारच का?” असं विचारत नाही. तो विचारतो, “चार का, एक का नाही?” पहिल्या प्रश्नाला तुम्ही न बदलण्याची कारणं सांगाल, दुसऱ्याला बदलण्याची.

ही पद्धत माझ्या उपयोगाची आहे का?

मन दुभंगलेलं असेल तर हो. दारू, तंबाखू, जुगार, वजन, व्यायाम, मधुमेहातलं पथ्य, औषधं नियमित घेणं अशा ठिकाणी ती खूप वापरली गेली आहे. तुमचा निर्णय पक्का झाला असेल आणि फक्त ‘कसं करू’ एवढाच प्रश्न उरला असेल, तर ‘का बदलायचं’ यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. अशा वेळी सरळ नियोजनाकडे किंवा सीबीटीसारख्या (विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणाऱ्या) कौशल्यं शिकवणाऱ्या थेरपीकडे जावं.

नैराश्य, जुना मानसिक आघात, भास-भ्रम यांवर केवळ एमआय हा उपचार नाही. त्या उपचारांसाठी माणसाला तयार करायला किंवा त्यांच्या जोडीला तिचा उपयोग होतो. खाण्याच्या विकारांत तर शरीराकडे लक्ष ठेवणारे डॉक्टर सोबत हवेतच.

किती सेशन लागतात?

कमी. बऱ्याचदा एक ते चार. दारूच्या उपचारांवरच्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अमेरिकन अभ्यासात १,७२६ जण होते आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९७ मध्ये आले. एमआयवर आधारलेल्या उपचाराची त्यात चार सेशन होती, तर तुलनेतल्या दोन्ही उपचारांची प्रत्येकी बारा. तिन्हींचे परिणाम एकमेकांच्या जवळपासच निघाले. म्हणजे एमआय इतरांपेक्षा सरस ठरली असं नाही, पण एक तृतीयांश सेशनमध्ये तिथवर पोहोचली. त्यामुळे सुरुवातीलाच मोठं पॅकेज घ्यायचा आग्रह कुणी करत असेल, तर मी दोनदा विचार करेन. चार सेशननंतर काय साधलं ते दोघांनी मिळून बघू, असं म्हणणारा थेरपिस्ट मला जास्त भरवशाचा वाटतो.

ऑनलाइन थेरपी सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायला हवं का?

दारू रोज आणि भरपूर होत असेल तर नक्की भेटा, आणि त्याआधी एकाएकी बंद करू नका. शरीराला सवय झालेली असताना दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जिवावरही बेतू शकतं. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. कधी, किती आणि कशाच्या आधाराने कमी करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत याची चौकशी करतो.

जीव द्यावासा वाटत असेल तर थेरपिस्ट शोधत बसू नका. तुम्ही जिथे आहात तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा, आणि घरातल्या एखाद्या माणसाला आत्ताच सांगा.

प्रोफाइलवर ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ लिहिलंय, एवढं पुरेसं नाही का?

नाही. बहुतेक यादी-संकेतस्थळांवर थेरपिस्ट स्वतःच चौकटीत टिचकी मारतो आणि ते खरं आहे का, हे कुणी तपासत नाही. एमआय हे कुणाच्या मालकीचं नाव नाही. ती करण्यासाठी जगभर चालणारं एखादं सक्तीचं प्रमाणपत्रही नाही. कित्येक वर्षांपूर्वी एका दुपारचं व्याख्यान ऐकलेला माणूस आणि दहा वर्षं कसून सराव केलेला माणूस, दोघांच्या प्रोफाइलवर तोच शब्द दिसतो.

फरक कशाने पडतो, यावर चांगला पुरावा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसन-उपचारात काम करणाऱ्या १४० व्यावसायिकांना वेगवेगळ्या प्रकारे प्रशिक्षण दिलं. ज्यांना नुसती कार्यशाळा मिळाली, त्यांची सुधारणा पुढे ओसरत गेली. कार्यशाळेनंतर ज्यांना स्वतःच्या सेशनवर अभिप्राय किंवा कोचिंग मिळालं, त्यांचं कौशल्य जास्त वाढलं. म्हणून ‘कोर्स कुठे केला?’ यापेक्षा ‘तुमची रेकॉर्ड केलेली सेशन ऐकून कुणी तुम्हाला अभिप्राय दिला आहे का?’ हा प्रश्न कितीतरी जास्त सांगून जातो. अर्थात असं रेकॉर्डिंग त्या-त्या क्लायंटच्या संमतीनेच होतं.

असा अभिप्राय देण्यासाठी ‘मिटी’ नावाची एक मापनपद्धत वापरतात. सेशनचा साधारण २० मिनिटांचा तुकडा ऐकून प्रश्न किती, रिफ्लेक्शन किती, परवानगी न घेता दिलेले सल्ले किती, हे मोजलं जातं. दर प्रश्नामागे दोन रिफ्लेक्शन हे चांगल्या कामाचं लक्षण मानतात. ज्यांनी यातून स्वतःला पारखून घेतलंय, ते ‘मिटी’चं नाव काढताच ओळखतात.

‘मिंट’ हे आणखी एक नाव तुमच्या वाचनात येईल. एमआय शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचं हे आंतरराष्ट्रीय जाळं १९९७ मध्ये उभं राहिलं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकांची यादी आहे. ही यादी प्रशिक्षकांची आहे, थेरपिस्टची नव्हे. त्यातले सगळेच क्लायंट घेत नाहीत. तरीही मी शोधाची सुरुवात इथूनच सुचवते. तुमच्या भाषेतल्या किंवा भागातल्या प्रशिक्षकाला लिहा आणि ‘तुमच्या हाताखाली शिकलेलं, ऑनलाइन काम करणारं कुणी सुचवाल का?’ असं विचारा. प्रशिक्षकाने लोकांना काम करताना ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असतं.

याशिवाय कुठे शोधायचं?

व्यसनमुक्ती केंद्रांचे बाह्यरुग्ण विभाग, मानसशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठांची प्रशिक्षण-क्लिनिकं, मधुमेह किंवा हृदयरोगाच्या रुग्णांसोबत काम करणारे समुपदेशक. विद्यापीठाच्या क्लिनिकमधला विद्यार्थी-थेरपिस्ट अनुभवाने लहान असतो, पण त्याच्या कामावर वरिष्ठांची देखरेख असते. वर सांगितलेल्या कारणासाठी ही मोठी जमेची बाजू आहे, शिवाय फीही बहुधा कमी असते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही विचारा.

अपॉइंटमेंट घेण्याआधी काय विचारू? असं विचारलेलं थेरपिस्टला आवडणार नाही असं वाटतं.

हा संकोच सोडून द्या. पैसे तुमचे आहेत आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मन तुमचं आहे. एवढा निरोप पुरतो :

“नमस्कार. मला दारू कमी करण्याबद्दल बोलायचं आहे, सोडायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करता असं वाचलं. तुम्ही ते कुठे शिकलात, आणि तुमच्या सेशनवर कुणाचा अभिप्राय घेतला आहे का? माझं मन न बदलण्याकडे झुकलं तर तुम्ही कसं काम करता? तुमचा परवाना किंवा नोंदणी कुठली आहे?”

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सावकाश वाचा. ‘काळजी करू नका, मी तुम्हाला पटवून देईन’ असं आलं, तर त्यांचं काम इतर बाबतींत उत्तम असेलही, पण ही पद्धत ते करत नाहीत. ‘निर्णय तुमचाच राहील, आपण दोन्ही बाजू नीट बघू’ अशा अर्थाचं काही आलं, तर पुढे जायला हरकत नाही.

पहिल्या सेशननंतर कसं ओळखू?

फोन ठेवल्यावर स्वतःला एकच गोष्ट विचारा. बदलाची कारणं आज कुणाच्या तोंडून आली, त्यांच्या की माझ्या? पटली-न पटली हे नंतर. तुम्ही तासभर ‘हो, बरोबर आहे’ म्हणत ऐकत राहिला असाल, तर ते प्रवचन झालं. तुम्ही याआधी कुणाशी न बोललेलं काही बोलून गेला असाल आणि ते ऐकून तुम्हालाच थोडं आश्चर्य वाटलं असेल, तर ती योग्य जागा आहे.

सल्ला कसा दिला गेला तेही आठवा. एमआयमध्ये माहिती द्यायला मनाई नाही. आधी तुम्हाला काय माहीत आहे ते विचारतात, मग ‘यावर एक सांगू का?’ म्हणून परवानगी घेतात, सांगून झाल्यावर ‘हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?’ म्हणतात. एकामागून एक प्रश्नांचा मारा, तुमच्यावर ‘व्यसनी’सारखा शिक्का मारण्याची घाई, पहिल्याच दिवशी प्रतिज्ञा करून घेणं ही विरुद्ध दिशेची लक्षणं आहेत. नुसती मान डोलावत राहणंही एमआय नाही. बोलण्याला दिशा असायला हवी. तुम्ही ज्याबद्दल आलात त्या बदलाकडे संवाद हळूहळू वळायला हवा.

व्हिडिओ, फोन की चॅट?

फोनवर ही पद्धत छान चालते. तंबाखू सोडण्यासाठीच्या अनेक हेल्पलाइन हीच पद्धत फोनवर वापरतात. चेहरा दिसत नाही म्हणून काहींना उलट मोकळं बोलता येतं. व्हिडिओवर एक अडचण होते : आवाज क्षणभर उशिरा पोहोचला की शांततेचा अर्थ कळेनासा होतो. तुम्ही विचार करत असता आणि थेरपिस्टला वाटतं आवाज गेला. ‘मी गप्प झालो तर थांबा, मी विचार करतोय’ असं सुरुवातीलाच सांगून टाका. चॅट हा माझ्या मते शेवटचा पर्याय, कारण या पद्धतीचं अर्धं काम आवाजाच्या चढउतारातून होतं.

जागेचा विचार मात्र गंभीरपणे करा. शेजारच्या खोलीत तीच व्यक्ती बसलीय जिच्या आग्रहाने तुम्ही बोलायला तयार झालात, तर तुम्ही तिला ऐकू जाईल असंच बोलाल. इअरफोन, बंद दार, नाहीतर उभी केलेली गाडी, यातलं काहीही चालेल. तुम्ही आत्ता कुठे आहात आणि अडचणीत कुणाला फोन करायचा, हे थेरपिस्टने विचारलं तर ती खबरदारी आहे, भोचकपणा नाही.

दुसऱ्या देशातला थेरपिस्ट चालेल का?

कायद्याने अनेक ठिकाणी थेरपिस्टचा परवाना तो बसतो तिथल्याइतकाच क्लायंट बसतो तिथलाही लागतो. थेट विचारा : ‘मी राहतो तिथल्या माणसासोबत काम करायची तुम्हाला परवानगी आहे का?’ नोंदणी क्रमांक मागून तो देणाऱ्या मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

मराठी बोलणारा थेरपिस्ट मिळत नसेल तर?

इथे भाषेला इतर थेरपींपेक्षा जास्त महत्त्व आहे, कारण सगळं काम तुमच्याच शब्दांवर चालतं. ‘मला हे करायला हवं’ आणि ‘आता बास, मी करणारच’ यांतलं अंतर थेरपिस्टच्या कानाला कळायला हवं. मराठी मिळत नसेल तर ज्या भाषेत तुम्ही भांडता किंवा चिडता ती निवडा, ऑफिसची भाषा नको. आणि मधेच मराठी वाक्य बाहेर आलं तर ते गिळू नका. तसंच बोलून मग अर्थ सांगा.

मी तयार आहे, पण ज्याला गरज आहे तो माणूस तयार नाही. त्याच्यासाठी अपॉइंटमेंट घेऊ का?

त्याच्यासाठी नको, स्वतःसाठी घ्या. हा प्रश्न बहुतेक बायका, आया आणि मोठ्या बहिणी विचारतात, पार थकून गेल्यावर. त्यांच्यासाठी ‘क्राफ्ट’ नावाची वेगळी पद्धत आहे. रॉबर्ट मेयर्स यांनी ती विकसित केली. तीत घरच्या माणसाला शिकवलं जातं की शुद्धीतल्या वेळेला साथ कशी द्यायची, पिण्याचे परिणाम पाठीशी घालणं कसं थांबवायचं, उपचाराची गोष्ट कोणत्या क्षणी काढायची, आणि या सगळ्यात स्वतःचं आयुष्य कसं सांभाळायचं.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार नाकारणाऱ्या पिणाऱ्यांचे १३० नातेवाईक होते. क्राफ्ट शिकलेल्यांच्या घरचे ६४ टक्के लोक उपचाराला आले. सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून माणसाला जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं आणि बहुतेक कुटुंबांना तशी बैठक घेणं जमलंच नाही. नातेवाईकांच्या आधारगटाच्या धर्तीवरच्या समुपदेशनात ते १३ टक्के होतं. म्हणून थेरपिस्टला लिहिताना ‘माझ्या नवऱ्याला समजवाल का?’ याऐवजी ‘तुम्ही क्राफ्ट करता का? मला शिकायचं आहे’ असं लिहा. तोवर घरात एवढं करून बघा : तो स्वतःहून ‘जरा जास्तच होतंय हल्ली’ म्हणाला, तर ‘मी कधीपासून सांगतेय’ हे ओठांवर आलं तरी आवरा. ‘जास्त होतंय असं तुला वाटतंय,’ एवढंच म्हणा आणि त्याला पुढे बोलू द्या.

थेरपिस्ट जमला नाही तर?

एका सेशनवरून निकाल देण्याची घाई नको, पण आतून अपमान झाल्यासारखं वाटलं असेल तर दुसऱ्या सेशनची वाट पाहायचीही गरज नाही. नाहीतर आधी बोलून बघा : ‘मागच्या वेळी मला ढकलल्यासारखं वाटलं.’ हे ऐकून जो सावरून घेतो आणि ‘म्हणजे मी तुमच्या पुढे धावत होतो’ असं म्हणतो, त्याच्यासोबत राहा. जो तुम्हालाच पटवू लागतो की तसं काही झालं नव्हतं, त्याला नम्रपणे कळवा : ‘पुढची सेशन मी घेणार नाही. आजवरच्या नोंदींची प्रत आणि दुसऱ्या कुणाचं नाव सुचवता आलं तर पाठवा.’ मग यादीतल्या पुढच्या नावाला तोच निरोप पाठवा.